सोलापूरचा कडक गडी रत्नागिरीत सादळला. आज्जीला समुद्र कुठं दाखवू?

एमएच_तेरा
मंडळी, नमस्कार. जन्म बाळीवेशीतला, शाळा-कॉलेज-नोकरी सगळं सोलापुरात. यंदा गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यातून उतरलो न उतरलो तोच बदलीचा कागद हातात पडला. रत्नागिरी. ऑफिसात सगळे म्हणाले, "मजा आहे बुवा, समुद्र!" मीही खूश. समुद्र आयुष्यात एकदाच बघितला होता, शाळेच्या सहलीत, बसच्या खिडकीतून, तेही उलटी करता करता.

तीन महिने झाले. आतापर्यंतचे पराक्रम सांगतो.

सामानाच्या टेम्पोत सगळ्यात वर दोरीने आवळून आमचा कूलर आणला. पत्र्याचा, वाळा भरलेला, सोलापुरात पंधरा उन्हाळे काढलेला. घरमालक काका पडवीत बसून बघत होते. "हे काय?" म्हणाले. म्हटलं, कूलर. "म्हणजे पाणी घालायचं आणि ओली हवा सोडायची?" म्हटलं, हो. ते मला काही बोलले नाहीत. आत तोंड करून हाक मारली, "अगो, बाहेर ये, बघ जरा." रात्री लावला. अर्ध्या तासात भिंतीला घाम, उशी दमट, कॅलेंडरचा एप्रिल आणि मे एकमेकांना चिकटलेले. सकाळी काकूंनी विचारलं, "झोप लागली का ओ?" विचारताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कूलरकडे बघत होत्या.

दुसरं म्हणजे कडक भाकरी. आईने पन्नास दिल्या होत्या, सोबत शेंगा चटणी. सोलापुरात ही भाकरी चावली की शेजारच्या घरात ऐकू जाते. इथं तिसऱ्या दिवशी चौघडी घातली तरी मोडेना. खिशात रुमाल म्हणून चालली असती.

तिसरं, महाशिवरात्रीची सुट्टी होती म्हणून सकाळी आठला भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. ओली वाळू कशी सिमेंटसारखी घट्ट. स्कूटर थेट खाली नेऊन लावली, चपला शेजारी काढल्या आणि सुरूच्या बनात सावलीला जाऊन बसलो. थोडा डोळा लागला. उठून बघतो तर स्कूटर समुद्रात आणि चपला... चपला अजून सापडल्या नाहीत.

आता प्रश्न. मे महिन्यात घरचे चार दिवसांसाठी येतायत. सोबत आज्जी, वय ७८, मंगळवेढ्याकडची, माळकरी, गुडघे दुखतात, समुद्र कधीच बघितलेला नाही. कुठं नेऊ? आणि कडक भाकरी कडक ठेवायची काही युक्ती असेल तर तीही सांगा. आई आणखी पन्नास आणणार आहे.

सातरस्ता
काय सांगलालास बे! रत्नागिरीत कूलर? हसून हसून पुरेवाट.

चादरवाला
कूलरवर फेटा बांधून नेला असतास तर निदान आहेर तरी मिळाला असता.

रातांबा
मी मूळचा रत्नागिरीचा, नोकरीमुळे दहा वर्षं सोलापुरात होतो, त्यामुळे दोन्हीकडचं कळतं. सोलापूरला पहिल्या पावसाळ्यात मी छत्री, रेनकोट आणि गमबूट घेऊन गेलो होतो. चार महिने तिन्ही कोरडेच. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तुमच्याकडे पाच-सातशे. तेव्हा फिटंफाट.

आज्जींसाठी: रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापर्यंत गाडी बरीच वर जाते, तीन बाजूंनी समुद्र दिसतो, गुडघ्यांना त्रास कमी. मांडवीला संध्याकाळी बसायला कट्टा आहे. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, माळकरी माणसाला तिथं बरं वाटेल. गणपतीपुळ्याला अख्खा डोंगरच गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराला घालावी लागते, साधारण किलोमीटरभर. ती पहाटे घाला, दुपारी फरशी तापते. आणि तिथल्या पाण्यात कुणी गुडघ्याच्या वर जायचं नाही. उतार एकदम आहे, दरवर्षी माणसं जातात. हे मस्करीत घेऊ नका.

उन्हाळकर
मला एक कळत नाही. सोलापुरात मे महिन्यात ४३-४४ आणि रत्नागिरीत ३३. दहा अंशांचा फरक! तरी सोलापूरची माणसं तिकडं जाऊन मेलो मेलो करतात. सवयीचा नखरा आहे सगळा.

मास्तर_निवृत्त
उन्हाळकर, नखरा नाही हो, घामाचं गणित आहे. शरीर गार होतं ते घाम येऊन नव्हे, घाम वाळून. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम येतो तेव्हाच वाळतो, म्हणून तो दिसत नाही. किनाऱ्यावर हवेत आधीच बाष्प भरपूर, घामाला वाळायला जागा नाही. तो मानेवर नुसता बसून राहतो. माठ आणि कूलर दोघांचा धंदा याच वाळण्यावर चालतो, म्हणून दोघंही तिकडं दिवाळखोर. भाकरी सादळते तीही याचमुळे. धागाकर्त्याची तिन्ही दुखणी एकच आहेत, चपला सोडून.

एक सल्ला, झोपायची खोली पश्चिमेच्या खिडकीची घ्या. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, उत्तररात्री जमिनीकडून. खारे वारे आणि मतलई वारे. भूगोलात पाठ केले होते ते परीक्षेपुरते नव्हते.

सातरस्ता
मास्तर, "मतलई" म्हणजे मतलबी असंच मी आठवीपर्यंत समजत होतो. रात्री येतात आणि गुपचूप जातात म्हणून.

वाळूतलं_कासव
थोडं कडू बोलते. स्कूटर वाळूवर नेली हे वाचून हसू आलं नाही. दर सुट्टीला कुणीतरी गाडी पाण्याजवळ नेतं, ती रुतते, मग गावातली पोरं कामं टाकून दोर घेऊन धावतात. त्याहून वाईट म्हणजे याच किनारपट्टीवर वेळासपासून गावखडीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. थंडीत घरटी होतात आणि पिल्लं निघतात नेमकी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. चाकाखाली घरटं आलं तर कळतही नाही. गाडी रस्त्यावर लावा, शंभर पावलं चाला.

एमएच_तेरा
कासवताई, चूक कबूल. परत नाही नेणार. दोर घेऊन खरंच सहा जण आले होते. त्यातल्या एका आजोबांनी आधी नंबरप्लेट बघितली. "तेरा म्हणजे कुठलं रे?" म्हटलं, सोलापूर. "मग ठीक," म्हणाले, "तिकडं समुद्र नाय." माझ्या गुन्ह्याला जन्मगावामुळे माफी मिळाली. स्कूटर गोड्या पाण्याने तीनदा धुतली तरी चेन गंजली ती गंजलीच.

बाकीही चाललंय. पहिल्यांदा सोलकढी आली तेव्हा मी वाढप्याला म्हटलं, गरम करून आणा. तो म्हणाला, फाटेल. मी म्हटलं, कढी आहे ना, उकळलेली बरी. त्याने आतून मालकिणीलाच बोलावलं. मग कळलं, नारळाचं दूध आणि आमसुलाचं आगळ, उकळायचा प्रश्नच नाही. त्याच खानावळीत फळ्यावर लिहिलं होतं "तिसऱ्या मसाला". मी विचारलं, पहिल्या आणि दुसऱ्या संपल्या का? तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, हे नंतर कळलं.

आणि एका गावात देवळाचा रस्ता विचारला तर बाई म्हणाल्या, "सड्यावरून जा." आमच्याकडे सडा म्हणजे दारात शिंपडायचा. मी रांगोळी चुकवत पाय उचलून उचलून चाललो होतो. सडा म्हणजे तो वरचा जांभ्याचा उघडा कातळ, हे दोन किलोमीटर उन्हात चालल्यावर समजलं.

चादरवाला
तिसऱ्या! खल्लास. उद्या तुला कुणी मोदक देईल आणि तो मासा निघेल.

एमएच_तेरा
ते झालंय. मासा कसा असतो ते मला आता माहीत आहे. मागच्या महिन्यात सुरमई खाल्ली. रव्यात तळलेली. अर्धा तुकडाच, पण खाल्ली. आज्जीला कुणी सांगू नका.

नवीपेठ_९९
दादा, मी वाचलालोय.

एमएच_तेरा
तू इथं कधीपासून आहेस बे?

नवीपेठ_९९
दोन वर्षं. तुझा आयडी मागच्या गड्ड्याला ओळखला होता, बोललो नाही. आज्जीला सांगत नाही, पण येताना काजूची दोन किलोची पाकिटं लागतील.

सातरस्ता
चुलतभाऊ असावा तर असा.

हुरडा_उशिरा
मूळ मुद्द्यावर येतो. चार दिवस नुसत्या रत्नागिरीत कशाला घालवता? तिथून मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली करून टाका. आज्जीला होडीत बसवा. महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, पाण्यात उभा, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. आयुष्यात एकदा तरी बघायलाच हवा.

रातांबा
हुरडासाहेब, किल्ला बघायलाच हवा, वाद नाही. पण ७८ वर्षांच्या गुडघ्यांना हलत्या होडीत चढवायचं आणि उतरवायचं? आधीच सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटाने येणार, साडेतीनशेच्या वर किलोमीटर. परत चार तास दक्षिणेला? आज्जींना समुद्र दाखवायचाय, कोकण रेल्वेचं वेळापत्रक नाही.

हुरडा_उशिरा
माझी आजी ८१ व्या वर्षी होडीत बसली होती. माणसावर असतं.

रातांबा
असेल. मी माझं मत मांडलं.

अप्पा_टिळकचौक
भांडू नका. मी महत्त्वाचं सांगतो. पोरा, तुझी स्कूटर बुडाली कारण तू कॅलेंडरवर सुट्टी बघितलीस, तिथी बघितली नाहीस. भरतीचा जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा वाजायचा आकडा. सकाळी एकदा, रात्री एकदा. मधोमध, म्हणजे सहा तासांनी, ओहोटी. हिशेब मुंबईचा आहे, खाली रत्नागिरीला भरती थोडी आधी येते, पण चपला वाचवायला पुरेसा. महाशिवरात्र म्हणजे वद्य चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. तू आठला गाडी लावलीस, पाणी तेव्हा निम्म्यावर येऊन चढतच होतं. त्यात अमावस्या उद्यावर, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी नेहमीपेक्षा वर येणारच.

मी तीस वर्षं मुंबईत गोदीत होतो. तिथं शिकलो.

मास्तर_निवृत्त
अप्पा, क्या बात. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच सरकते. एका तिथीला पाऊण तास, बरोबर जुळतं. बिनइंटरनेटचं ॲप आहे हे.

चादरवाला
मला वेगळाच प्रश्न पडलाय. समुद्र किती टीएमसीचा असेल?

सातरस्ता
उजनी ११७ ची. त्यातले ६३ मृतसाठा.

चादरवाला
मग समुद्र सगळाच मृतसाठा की बे. पिता कुठं येतंय.

उन्हाळकर
आणि तो भरला तरी आपल्याला पाणी चार दिवसांआडच.

रातांबा
एक राहिलं. थिबा राजवाडा दाखवा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि इथं आणून ठेवलं. वाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास आणि १९१६ मध्ये राजा इथंच वारला.

सातरस्ता
म्हणजे रत्नागिरीला बदलीवर येऊन परत न गेलेला पहिला माणूस. एमएच_तेरा, सांभाळ.

गड्ड्याची_पोर
सगळे समुद्रात बुडाले, भाकरीचं कुणी बोलेना. मी सांगते. एक, कडक भाकरी प्रवासात कापडात बांधायची नाही, कापड ओल ओढतं. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, आणि भाकरी पूर्ण गार झाल्यावरच भरायची, कोमट भरली की आत वाफ धरते. दोन, मोठा एकच डबा नको, पाच-पाचचे लहान डबे. एक उघडला की तेवढ्याच सादळतात. तीन, सादळलेली टाकू नका. जाड तवा, मंद आच, पालथी टाकून वरून वाटीने दाबत दाबत फिरवायची. परत वाजते. भाकरी मालदांडी ज्वारीची असेल तर आणखी छान.

चटणी मात्र फ्रीजबाहेर ठेवू नका. शेंगदाण्याला तिकडे लवकर खवट वास लागतो.

एमएच_तेरा
गड्ड्याची_पोर, हे प्रिंट काढून आईला पाठवतो. सगळ्यांचे आभार. आल्यावर कळवतो.

नवीपेठ_९९
सगळे येऊन गेले. दादा लिहीत नाही म्हणून मीच धागा वर काढतो. दादा, लिही, नाहीतर सुरमई.

एमएच_तेरा
लिहितो बे, धमक्या देऊ नको.

मंडळी दशमीला पोचली. आंबा घाट उतरताच बाबांच्या चष्म्यावर वाफ धरली, आज्जीने पदराने दोनदा पुसून दिली. दुसऱ्या दिवशी मोहिनी एकादशी, म्हणजे आज्जीचा कडक उपास. आईने आणलेल्या पन्नास भाकऱ्या डब्यातच. रताळी, केळी, शहाळं यावर दिवस काढला आणि संध्याकाळी पाचला भाट्याला गेलो. गाडी रस्त्यावर लावली, कासवताई, शपथ.

मला वाटलं होतं आज्जी काहीतरी म्हणेल. ती बराच वेळ गप्प उभी राहिली आणि मग विचारलं, "पायऱ्या कुठं आहेत?" तिला पाणी म्हणजे चंद्रभागा. घाट असतो, पायऱ्या असतात, समोर दुसरा काठ असतो. म्हटलं आज्जी, याला पायऱ्या नाहीत. "मग उतरायचं कसं?" म्हटलं, आपण थांबायचं, तेच येतं. तिला ते पटलं नाही, पण चपला काढून उभी राहिली. पहिली लाट घोट्याला लागली तशी पायाखालची वाळू सरकली. तिने माझा दंड असा धरला की अजून निळा आहे. "ओढतंय रे हे!" म्हणाली. पण मागं आली नाही.

चिंटूने (नवीपेठ_९९) घाटात तिला अप्पांचा ठोकताळा सांगितला होता. मला माहीत नव्हतं. आम्ही फोटो काढत होतो आणि आज्जी एकदम म्हणाली, "चपला उचला. एकादशी आहे, अकरा पाऊण सव्वाआठ. पाणी अजून तीन तास चढणार." आम्ही चपला उचलल्या. दहा मिनिटांत ती जागा ओली.

खरी मजा रात्री पडवीत. घरमालक काकांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. काका परीक्षाच घ्यायला लागले. "पंचमी?" आज्जी म्हणाली, "पावणेचार." "नवमी?" "पावणेसात." "त्रयोदशी?" "पावणेदहा." मध्ये एक क्षणही नाही. काका म्हणाले, "तुम्ही कुठल्या बंदरातल्या?" आज्जी म्हणाली, "चौथी पास आहे मी, मंगळवेढ्याची. गुरुजींनी पाऊणकी छडी मारून पाठ करून घेतली. आजपर्यंत काही उपयोग झाला नव्हता." काकांनी आतून काकूंना हाक मारली, "अगो, बाहेर ये, बघ जरा." तीच हाक, कूलरच्या वेळची.

पावस झालं, रत्नदुर्ग झाला, थिबा राजवाडा बाहेरून बघितला कारण आज्जीला मांडवीलाच परत जायचं होतं. मालवण राहिलं. हुरडासाहेब, आज्जी विचारत होती होडी कुठं मिळते, तेव्हा तुमचंही अगदीच चूक नव्हतं.

भाकरीचं सांगतो. लहान डब्यांची युक्ती चालली, चौथ्या दिवशीसुद्धा भाकरी वाजली. एक डबा काकूंना दिला. त्यांनी ती बशीत चुरली, वरून सोलकढी ओतली आणि चमच्याने खाल्ली. आई बघतच राहिली. मग आईनेही खाल्ली. मी काही बोलणार नाही, पण करून बघा.

आणि सुरमईचं चिंटूनेच फोडलं, काजू घेऊनसुद्धा. आज्जी माझ्याकडे बघून म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात आहे, तुझ्या नाही. पण तो तवा माझ्या भाकरीला लावू नको."

नवीपेठ_९९
काजू एकच किलो मिळाले होते. करार मोडला होता.

अप्पा_टिळकचौक
आज्जींना माझा नमस्कार सांग. मला पाऊणकी दहाच्या पुढं येत नाही, मी कागदावर करतो.

हुरडा_उशिरा
म्हटलं होतं ना, माणसावर असतं.

गड्ड्याची_पोर
सोलकढीत कडक भाकरी? हे बरं नाही केलं. (उद्या करून बघते.)

उन्हाळकर
त्या कूलरचं काय झालं? पडून असेल तर मी घेतो. येताजाता टेम्पो असतोच.

एमएच_तेरा
नाही देता येणार. घरमालकांच्या मांजरीने त्यात तीन पिल्लं घातलीत. काकू म्हणतात, वाळ्याचा वास तिला मानवलाय.